विचारून विश्वास ठेवणाऱ्यांचं रिद्धपूर

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, संत्र्याच्या बागा आणि कपाशीच्या काळ्या रानांमध्ये रिद्धपूर हे लहानसं गाव आहे. महानुभाव पंथाची ही काशी. इथं भव्य शिखर किंवा दगडी महाद्वार शोधू नका. इथं आहेत ते ओटे. ज्या जागी पंथाला पूज्य असलेले गोविंदप्रभू बसले, जेवले, निजले, त्या त्या जागी बांधलेले. पांढरी वस्त्रं नेसलेल्या बाया ओट्यावर कपाळ टेकतात आणि तिथंच थोडा वेळ थांबतात. समोर मूर्ती नसते. ‘इथं घडलं’ एवढंच त्या जागेचं माहात्म्य. भेटणारा माणूस ‘दंडवत प्रणाम’ म्हणतो. उत्तर भारतात हा पंथ जयकृष्णी म्हणून ओळखला जातो आणि पार पंजाबातूनही भाविक इथं येतात.

गोविंदप्रभू तेराव्या शतकातले. जवळच्याच काटसुऱ्यात जन्मले, लहानपणीच आईबाप गेले. रिद्धपुरात ते कुणाच्याही घरी शिरत, हाती लागेल ते खात, मुलांत खेळत. शिवाशिव त्यांनी कधी मानली नाही. लोक त्यांना वेडे म्हणत आणि तेच लोक ‘राऊळ माय, राऊळ बाप’ असंही म्हणत.

याच गावात गुजरातेतून एक सरदारपुत्र आला. भडोचच्या प्रधानाचा, विशाळदेवाचा मुलगा, नाव हरिपाळ. पंथाची परंपरा सांगते ती गोष्ट अशी : हरिपाळाला द्यूताचा नाद. एकदा तो मोठी रक्कम हरला. जिंकणारे पैशासाठी अडून बसले. त्यानं बायकोकडे, कमळाइसेकडे, दागिने मागितले; तिनं दिले नाहीत. शेवटी बापानं देणं फेडलं. पण हरिपाळाचं मन संसारातून उठलं ते उठलंच. रामटेकच्या यात्रेची परवानगी काढून तो निघाला, बरोबरच्या माणसांना वाटेत मागे टाकत एकटाच रिद्धपूरला पोचला. गोविंदप्रभूंनी आपल्या हातातला खाऊ त्याला प्रसाद म्हणून दिला. पुढे याच तालुक्यातल्या सालबर्डीच्या डोंगरात तो बारा वर्षं राहिला. महाराष्ट्र त्याला महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी म्हणून ओळखतो.

मला रिद्धपूर मोठं वाटतं ते इथं. ज्यांना परमेश्वर मानलं त्यांचंच जुगाराचं देणं, बायकोशी झालेला तंटा, बापानं भरलेली रक्कम, हे सगळं भक्तांनी लिहून ठेवलं. झाकलं नाही. चक्रधर उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी येऊन राहिले. त्यांतल्या म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यानं जे पाहिलं, ऐकलं, त्याच्याकडे जाऊन विचारायचं आणि मग लिहायचं, ही त्यांची रीत. रिद्धपुरातल्या वाजेश्वरीच्या जागी बसून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठी गद्याचा हा पहिला थोर ग्रंथ. मूळ प्रत पुढे धाडीत गेली, तेव्हा शिष्यांनी आठवणीतून तो पुन्हा उभा केला. आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही पाठ नोंदवले. गोविंदप्रभूंचं चरित्रही म्हाइंभटांनीच लिहिलं. अमेरिकेतल्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद 1984 मध्ये प्रसिद्ध केला. ‘स्थानपोथी’त तर कुठल्या गावात कोणती जागा, तिचं दार कोणत्या दिशेला, इथवर तपशील आहेत. कवयित्री महदाइसेचे धवळे, म्हणजे लग्नगीतं, तेही याच भूमीतले, गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या सोहळ्यातले.

श्रद्धा आणि विचारपूस एकत्र नांदू शकतात, याचा असा पुरावा वऱ्हाडाच्या घरात असताना आपण मात्र पैशाच्या बाबतीत उलटं वागतो, याचं मला फार वाईट वाटतं. कापसाचे किंवा निवृत्तीचे पैसे हातात आले की भजनाच्या बैठकीतला, नात्यातला, शेजारचा कुणी योजना घेऊन येतो. ‘आपलाच मानूस हाय, काय भेता?’ एवढ्यावर आयुष्यभराची पुंजी दिली जाते. 2013 मध्ये नागपूरच्या, ठेवी घेणाऱ्या श्रीसूर्या समूहाविरुद्ध फसवणुकीच्या तक्रारी झाल्या, तेव्हा तक्रारदारांत विदर्भातली साधी मध्यमवर्गीय घरं होती. अशा योजनांची रचना ठरलेली असते. पहिल्या काहींना परतावा वेळेवर मिळतो, तो नंतरच्यांच्या पैशातून; तेच पहिले मग मनापासून इतरांना सांगत सुटतात. खोटं बोलणारा एखादाच असतो, त्याचा निरोप पोचवणारे बहुतेक प्रामाणिक असतात. म्हणून तर संशय येत नाही. आणि बुडाल्यावर तक्रार करायची तरी कुणाविरुद्ध, ज्याच्या पंगतीला रोज बसतो त्याच्याविरुद्ध? ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा 1999 चा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा 2019 चा आहे. पण जप्ती, लिलाव, वाटप यांत वर्षं जातात आणि म्हातारी माणसं तेवढी थांबू शकत नाहीत. ठेव घेणाऱ्याला परवानगी आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर आधीच पाहता येतं. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. म्हाइंभट प्रत्येकाला विचारत फिरले, त्यांची भक्ती कुणापेक्षा उणी होती?

रिद्धपूरच्या वाट्याला आता नवं काम आलं आहे. मराठी भाषा विद्यापीठ इथं सुरू झालं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दाव्यात लीळाचरित्राचाही दाखला होता. मराठीचा आग्रह इथं जुनाच. पंथातले पंडित केशोबास यांना संस्कृतात लिहायचं होतं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण स्वामींच्या म्हाताऱ्या शिष्या त्याला मुकल्या असत्या. मराठीचं विद्यापीठ ह्याच गावात हवं होतं, यात मला तरी शंका नाही.

विद्यापीठानं इमारतींच्या आधी पोथ्यांकडे पाहावं. महानुभाव मठांमधून सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांतल्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या जपल्या गेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधली, म्हणून हे वाङ्मय पंथाबाहेर कळलं. पण लिपी वाचणारे डोळे थोडे आहेत. मठांच्या महंतांना विश्वासात घेऊन सूची करावी, छायाप्रती काढाव्यात, आणि मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूरकडच्या पोरापोरींना ती लिपी शिकवावी. रिद्धपूरला जाणार असाल तर ओट्यांचं दर्शन झाल्यावर वाजेश्वरीची जागा चुकवू नका, आणि जाण्याआधी लीळाचरित्राची चार पानं तरी वाचून जा.