इंजिन-संगणकाचे वाचन : काही प्रारंभिक विचार

इंजिनात पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी नेमकी केव्हा पाडावी, हे कार्ब्युरेटरच्या काळी स्क्रू, स्प्रिंगा आणि मेकॅनिकचा कान यांवर अवलंबून असे. आता हा निर्णय मोटारीतील एक लहानसा संगणक, आपल्या स्मृतीत साठविलेल्या कोष्टकांवरून, क्षणोक्षणी घेतो. ही कोष्टके मालकाने स्वतः बदलणे यास ‘ट्यूनिंग’ म्हणतात. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न येथे विचारला जाईल. या उद्योगातील पहिली अडचण यंत्राची नसून अर्थनिर्णयाची आहे, हे त्याचे उत्तर होय.

अमेरिकेत २००२ च्या मॉडेलपासून विकल्या गेलेल्या सुबारू डब्ल्यूआरएक्स या टर्बो-गाडीचे उदाहरण घेऊ. तिच्या संगणकातील मजकूर केबलने लॅपटॉपवर उतरविता येतो. परंतु हाती येते ती आकड्यांची अखंड रांग. तीत ना शीर्षके, ना विरामचिन्हे. कोणते कोष्टक कोठे सुरू होते आणि त्यातील आकड्याचे मूल्य कसे काढावयाचे, हे सांगणारी अर्थसूची वेगळी असते. ‘रॉमरेडर’ या मुक्त प्रणालीसाठी अशा सूची हौशी अभ्यासकांनी, अज्ञात लिपीचा उलगडा करावा तशा, चिकाटीने तयार केल्या आहेत.

१२८ हाच आकडा पाहा. ठिणगीच्या कोष्टकात त्यास ०.३५१५६२५ ने गुणून त्यातून २० वजा करावयाचे. अर्थ निघतो २५ अंश, म्हणजे पिस्टन माथ्यावर पोहोचण्यास क्रँकचे २५ अंश उरले असता पडणारी ठिणगी. इंधनाच्या कोष्टकात मात्र तोच आकडा १२८ ने भागून त्यात १ मिळवावयाचा आणि आलेल्या संख्येने १४.७ ला भागावयाचे. येथे अर्थ निघतो एका भाग पेट्रोलास ७.३५ भाग हवा. इतक्या पेट्रोलात कोणतेही इंजिन धड चालणार नाही. शिवाय अर्थसूची त्याच संगणक-आवृत्तीची हवी. दुसऱ्या आवृत्तीची लावली तरी कोष्टके उमटतात, पण ती भलत्याच जागची असतात. सुसंगत भासणारा चुकीचा अर्थ हा न लागलेल्या अर्थाहून घातक असतो, हे पोथ्यांच्या संपादकांस सांगावयास नको.

म्हणून नवशिक्याने प्रथम एकही आकडा बदलू नये. मूळ मजकुराची प्रत जपून ठेवावी आणि गाडी धावत असताना नोंदी घ्याव्यात. लॅपटॉप अर्थातच शेजारी बसलेल्याच्या हाती असावा. ऑक्सिजन-सेन्सरच्या साह्याने संगणक आपले इंधनाचे गणित सतत सुधारीत असतो. ही सुधारणा नेहमी एकाच दिशेने मोठी होत असेल, तर दोष कोष्टकातच असेल असे नाही. कोठे हवा झिरपत असेल, हवामापक सेन्सर मळला असेल. ते आधी पाहावे.

पूर्ण भाराखाली प्रकरण नाजूक होते. तेथे मिश्रणात मुद्दाम अधिक पेट्रोल ठेवलेले असते, आणि ते मोजण्यास विस्तृत पल्ल्याचा सेन्सर लागतो. ठिणगी फार लवकर पडली किंवा पेट्रोल कमी पडले, तर शेवटचे मिश्रण आपोआप पेटून नॉकिंग होते. ते चालकास ऐकू येईलच असे नाही. पिस्टनच्या रिंगांमधील कड मात्र तुटते. तेव्हा एका वेळी एकच कोष्टक, तेही अल्पसे, बदलावे आणि पुन्हा नोंदी घ्याव्यात.

अमेरिकेत २०१५ साली मालकास आपल्या वाहनाचे सॉफ्टवेअर बदलण्यापुरती कॉपीराइटच्या निर्बंधातून सूट मिळाली. तथापि धूरनियंत्रणाची साधने निकामी करण्यास तेथील स्वच्छ हवा कायद्याची मनाई कायमच आहे. या दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात.

बदललेला मजकूर संगणकात परत लिहिताना त्याची पडताळणी-बेरीज जुळलेली असावी आणि बॅटरीस चार्जर जोडलेला असावा. लेखन अर्ध्यावर तुटले, तर गाडी जागची हलत नाही आणि पुष्कळदा संगणक काढून दुरुस्तीस न्यावा लागतो.