दिएगो गार्सिया: एक धावपट्टी आणि एक व्याख्या

आज एका लष्करी हवाई तळाबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं तिथे काय काम, असं काहींना वाटेल. पण या तळाच्या पायात सिमेंटच्या आधी एक व्याख्या घातली गेली, आणि व्याख्या तपासणं हा तर आमचा धंदाच.

दिएगो गार्सिया हे हिंदी महासागरातल्या चागोस द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट. मोठं म्हणजे किती? जमीन जेमतेम तीसेक चौरस किलोमीटर. भारताच्या दक्षिण टोकापासून अंतर सुमारे १८०० किलोमीटर. कागदोपत्री हा अमेरिकी नौदलाचा तळ, पण जग त्याला ओळखतं ते साडेतीन किलोमीटरहून लांब धावपट्टीमुळे. १९९१ साली इराकवर आणि २००१ साली अफगाणिस्तानवर गेलेली बॉम्बफेकी विमानं इथून उडाली. तुमच्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या जीपीएसच्या उपग्रहांशी संपर्क ठेवणारं एक केंद्रही इथेच आहे.

आता बघा, असा तळ एखाद्या देशात असला की तिथलं सरकार बदलतं, मोर्चे निघतात, परवानगी नाकारली जाते. म्हणून अमेरिकी नौदलाला हवं होतं असं बेट, जिथे विचारायला कोणी नसेल. १९६५ साली ब्रिटनने चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, त्यासाठी मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. मॉरिशस स्वतंत्र झाला १९६८ साली, म्हणजे आधी लचका तोडला आणि मग स्वातंत्र्य दिलं. १९६६ च्या करारात बेट अमेरिकेला वापरायला मिळालं. बदल्यात पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीत ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची गुपचूप सवलत मिळाली.

अडचण एकच होती: बेटांवर माणसं होती. अठराव्या शतकात फ्रेंच मळेवाल्यांनी आणलेल्या गुलामांचे वंशज, नंतर आलेले काही भारतीय मजूर. नारळाच्या मळ्यांत राबणारे, स्वतःची क्रिओल बोली असणारे, तिथेच जन्मलेले आणि तिथेच पुरलेले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं ७३ वं कलम सांगतं की अशा प्रदेशातल्या रहिवाशांचं हित सर्वोच्च मानावं. मग तोडगा काय निघाला? हे लोक रहिवासीच नाहीत, ते कंत्राटी कामगार आहेत, असं म्हणायचं! एकदा ‘रहिवासी’ हा शब्द काढून घेतला की त्याला चिकटलेले हक्क आपोआप गळून पडतात. तर्कशास्त्राच्या वर्गात आपण याला सोयीची व्याख्या म्हणतो. तिथे फार तर मार्क जातात. इथे १९६८ ते १९७३ या काळात दीड-दोन हजार माणसांची घरं गेली. उपचाराला किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली. उरलेल्यांना जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन सोडलं. त्यांची कुत्री खोबरं वाळवायच्या शेडमध्ये कोंडून गाडीच्या धुराने मारली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘स्थलांतर’ या शब्दात ते दिसत नाही. (आज तळावर खरोखरच कंत्राटी कामगार आहेत. ते बरेचसे फिलिपिन्समधून येतात.)

पुढे ऑलिव्हिए बँकू या चागोसी नेत्याने ब्रिटिश न्यायालयात दावा लावला आणि २००० साली तो जिंकला. २००४ साली सरकारने संसदेला वळसा घालून, राजसत्तेच्या विशेषाधिकारात हुकूम काढून परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी ते हुकूम उचलून धरले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की बेटं तोडणंच बेकायदा होतं. ते मत सल्लावजा, बंधनकारक नव्हे. पण ब्रिटनला ते झटकता आलं नाही.

मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि तळ ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. चागोसींना परत वसवता येईल ते इतर बेटांवर. दिएगो गार्सियावर नाही. आणि या वाटाघाटींच्या टेबलावर दोन सरकारं बसली होती, चागोसी नव्हते.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.