दिवाळे निघाल्यावर काय उरते?

‘दिवाळे’ हा शब्द आपल्या घरांत हलक्या आवाजातच उच्चारला जातो. धंदा बुडालेला व्यापारी पूर्वी दुकानात भर दिवसा दिवा लावून ठेवी, त्यावरून हा शब्द आला, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, देणे फिटत नाही हे चारचौघांत कबूल करण्यात एक शहाणपण होते. आज होते ते उलटेच. हप्ते थकतात, सोने गहाण पडते, एका कर्जासाठी दुसरे काढले जाते आणि शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. मग दारावर नोटीस चिकटते आणि घरात एकच प्रश्न उरतो : आता घर जाणार का?

उत्तर सर्वांना सारखे नाही. नागपूरच्या दक्षिणेचे बेसा घ्या. कालपरवापर्यंत हे शेतीचे गाव. आता मानेवाड्याकडून येणाऱ्या रस्त्यावर लेआउट आणि फ्लॅट स्कीमची दाटी झाली आहे. जुन्या वस्तीतले शेतकऱ्याचे घर आणि समोरच्या इमारतीतला नोकरदाराचा फ्लॅट कायद्याच्या नजरेत मात्र एक नाहीत.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० सांगते की, काही वस्तूंवर जप्ती येत नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतीची अवजारे, बैल, बियाणे. धर्माचारानुसार स्त्रीला उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र. पेन्शन आणि भविष्य निर्वाह निधीही सुरक्षित. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांचे राहते घरही या यादीत आहे. कारकुनाचा किंवा दुकानदाराचा फ्लॅट नाही.

इथेही एक मेख आहे. शेतकरी म्हणजे स्वतः जमीन कसणारा आणि मुख्यतः तिच्यावरच पोट भरणारा. ज्याने सारी शेती लेआउटला विकली आणि आता भाड्यावर घर चालवतो, त्याला हे कवच मिळणे कठीण.

शिवाय ही सूट गहाणाला लागू नाही. बेसाच्या फ्लॅटवर गृहकर्ज असेल, तर बँकेचा हक्क आधीच त्या भिंतींवर बसलेला असतो. २००२ च्या ‘सरफेसी’ कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता, गहाण मालमत्तेचा ताबा घेऊ शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागायला ४५ दिवस मिळतात. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागत नाही.

मग नादारीचा अर्ज कशासाठी? असुरक्षित कर्जांच्या डोंगराखालून निघण्यासाठी. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, अमलात आला आहे. त्यामुळे बेसाच्या सामान्य माणसाला आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली नागपूरच्या जिल्हा न्यायालयातच जावे लागते. देणे ५०० रुपये झाले तरी अर्ज करता येतो. शंभर वर्षांपूर्वीचा तो आकडा तसाच आहे. कोर्टाने नादार ठरवले की मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या हाती जाते. कलम ६० मधल्या वस्तू तेवढ्या घरातच राहतात. पुढे मुक्तीसाठी अर्ज करायचा. असुरक्षित देण्याच्या रुपयामागे आठ आणेही मालमत्ता नसेल आणि त्याला आपणच जबाबदार असू, तर पूर्ण मुक्ती अडते. सरकारी देणे आणि लबाडीने घेतलेले पैसे मुक्तीनंतरही सुटत नाहीत. चेक न वटल्याचा फौजदारी खटला वेगळाच.

अनेक कुटुंबे इथेच फसतात. संकट दिसताच प्लॉट मेव्हण्याच्या नावे, गाडी भावाच्या नावे केली जाते. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत असे मोफत किंवा नावापुरते दिलेले दान कोर्ट रद्द करू शकते. शेवटच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकते माप दिले, तर तेही उलटते. खरे संरक्षण भरभराटीच्या दिवसांतच करायचे असते. पत्नीचे स्त्रीधन तिचेच असते. त्याच्या पावत्या तिच्या नावाने जपून ठेवाव्यात. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी काढलेली विमा पॉलिसी पतीच्या धनकोंच्या हाती लागत नाही. मात्र ती त्यांना फसवण्यासाठी काढलेली नसावी.

कर्ज खासगी सावकाराचे असेल, तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो.

आणि तुरुंगाची भीती? १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निव्वळ गरिबीमुळे देणे न फेडणाऱ्याला डांबता येत नाही. ऐपत असून टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही.

तेव्हा पहिली नोटीस आली की ती कपाटात दडवू नका. नवरा-बायकोने एकत्र बसावे, कागदावर दोन रकाने आखावेत, गहाण काय आणि मोकळे काय ते लिहावे, आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जावे. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साठ दिवसांतले पहिले दहा दिवस फार मोलाचे असतात. बहुतेक घरांत ते लपवालपवीतच जातात.