तार शाबूत, बोलणे बंद

उमरग्याच्या आमच्या घरी विंडोज एक्सपीचा एक जुना संगणक आहे. वडिलांनी रोज भरलेल्या पावसाच्या नोंदी त्यातच आहेत. पेनड्राइव्हची खोबण बिघडलेली, म्हणून तो आणि नवा विंडोज 10 चा संगणक एकाच राउटरला जोडला. फोल्डर काही उघडेना!

पहिला संशय अर्थातच तारेवर. जुन्याचा पत्ता 169.254 ने सुरू होत असता, तर राउटरने त्याला पत्ता दिलाच नाही असे समजलो असतो. तसे नव्हते. पिंगलाही उत्तर येत होते.

मग अडले कुठे? फाइल मागण्या-देण्याच्या नियमांना एसएमबी म्हणतात. एक्सपीला त्यांची पहिलीच आवृत्ती येते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम तिच्यातील त्रुटीतून जगभर पसरला. त्या वर्षअखेरीपासून मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती नव्या विंडोजमधून वगळायला सुरुवात केली.

आम्ही राउटरची इंटरनेटची तार काढली, नव्या संगणकात 'एसएमबी 1.0' चा फक्त क्लायंट भाग चालू केला आणि तो पुन्हा सुरू केला. नोंदी आल्या. तो भाग तसाच ठेवायचा मोह झाला खरा. पण एक्सपीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या 2014 मध्येच थांबल्या आहेत. आधी तो बंद केला, मगच इंटरनेट जोडले.