नेटबँकिंग: आधी खिडकी, मग दार

इंटरनेट आलं आणि बँका ऑनलाइन झाल्या, असं आपण सहज म्हणून जातो. बँकांचं संगणकीकरण हा माझ्या पीएचडीचा विषय. त्या काळातली परिपत्रकं वाचताना उलटंच चित्र दिसतं: इंटरनेट हा त्यातला सोपा भाग होता.

मे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने खातेदारांना वेबवर शिल्लक बघायची सोय दिली. फक्त बघायची! म्हणजे खिडकी उघडली, दार नाही. त्याच ऑक्टोबरमध्ये तिथे इंटरनेटवरच चालणारी सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँक सुरू झाली.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. नव्वदचं दशक संपायच्या आत आयसीआयसीआय बँकेचं ‘इन्फिनिटी’ आलं, एचडीएफसी बँकही उतरली. दोन्ही बँका १९९४ च्या, म्हणजे अगदी नव्या. मग मोठ्या, जुन्या सरकारी बँका मागे का राहिल्या?

उत्तर खातेवहीत आहे. जुन्या बँकेत तुमचं खातं खरं तर ‘बँकेत’ नसायचं, ‘शाखेत’ असायचं. दादर शाखेतल्या खात्याची नोंद पुण्याच्या शाखेत मिळायची नाही. शाखेत संगणक आला तरी तो बहुधा त्या शाखेपुरताच. अशा बँकेने वेबसाइट केली, तरी त्या वेबसाइटने शिल्लक विचारायची कुणाला? सगळ्या शाखांची खाती एकाच मध्यवर्ती यंत्रणेत आणणं, म्हणजेच कोअर बँकिंग, झाल्याशिवाय हे जमणारं नव्हतं. नव्या बँकांकडे जुन्या वह्यांचं हे ओझंच नव्हतं.

दुसरी अडचण कायद्याची. चेकवर तुमची सही असते आणि बँक ती नमुना सहीशी ताडून बघते. पासवर्डचं काय? २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी एका ठरावीक तंत्राची डिजिटल सही तेवढी मान्य केली होती. म्हणून जून २००१ च्या मार्गदर्शक सूचनांत रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं, की ओळख पटवायची इतर कोणतीही पद्धत बँकांनी कायदेशीर जोखीम समजावी. म्हणजे आपण रोज वापरतो तो पासवर्ड! बँकांनी तो वापरला, पण ही जोखीम पत्करून.

त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत. खातं उघडायचा अर्ज इंटरनेटवरून घेतला तरी ग्राहकाची प्रत्यक्ष ओळख पटवल्याशिवाय खातं उघडायचं नाही. आणि चेक जसा थांबवता येतो, तसा ऑनलाइन व्यवहार थांबवायला फारसा वाव नाही, हे ग्राहकांना आधीच सांगायचं.

दार पूर्ण उघडायला आणखी वेळ लागला. दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पैसे पाठवणं सोपं करणारी एनईएफटी आली ती नोव्हेंबर २००५ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहास झाला, आपल्याला काय त्याचं? पासवर्ड बरोबर पडला, पण तो टाकणारे तुम्ही नव्हता, तर नुकसान कुणाचं? २००१ मधला प्रश्न मुळात हाच होता. जुलै २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचं बरंचसं उत्तर दिलं. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर काहीच भार नाही. पण पासवर्ड तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

त्यामुळे अनोळखी व्यवहाराचा मेसेज आला, तर ‘सोमवारी बघू’ म्हणू नका. आधी बँकेला कळवा.