शोधाचा जमाखर्च

विद्यापीठांतून दरसाल जी पारितोषिके वाटली जातात, त्यांच्या नियमावल्या चाळल्या तर निबंधाचा विषय, त्याची पृष्ठमर्यादा, तो दाखल करण्याची मुदत या बाबींचा तपशील मुबलक आढळतो. परंतु तो निबंध सिद्ध होण्यापूर्वी विद्यार्थ्याने कोणकोणती दप्तरे धुंडाळली, कोठून तो विन्मुख परतला आणि कोणत्या ग्रंथावर भिस्त ठेवून फसला, याची वास्तपुस्त करण्याचे प्रयोजन सहसा कोणास वाटत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील ग्रंथालयाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी २००३ साली जे संशोधन-पारितोषिक सुरू केले, आणि जे पुढे चार्लिन कॉनरॅड लीबाउ या माजी विद्यार्थिनीच्या नावाने ओळखले जाऊ लागले, त्याने नेमकी हीच वास्तपुस्त परीक्षेचा मुख्य विषय केली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात व मेरीलँड विद्यापीठातही अशी ग्रंथालयीन पारितोषिके आहेत. पण बर्कलीचा मासला हाती घेतला म्हणजे या प्रकाराचे मर्म कळण्यास तो पुरेसा होतो.

अर्जासोबत जे कागद जोडावयाचे, त्यांत विद्यापीठाच्याच एखाद्या अभ्यासक्रमासाठी लिहिलेला प्रबंध, त्याची संदर्भसूची आणि शिकविणाऱ्या अध्यापकाचे समर्थनपत्र ही तीन मंडळी ओळखीचीच. चौथा कागद मात्र वेगळा आहे: सुमारे ५०० ते ७५० शब्दांचे एक आत्मनिवेदन, ज्यात विद्यार्थ्याने आपण शोध कसा केला, कोणती साधने का घेतली व का टाकली, ग्रंथपालांची मदत कोठे झाली आणि या खटाटोपात आपण काय शिकलो, हे स्वतःच्या शब्दांत मांडावयाचे असते. पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांस ७५० आणि वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस १००० डॉलर अशी रक्कम बरीच वर्षे दिली जात असे. रक्कम तिकडच्या मानाने बेताचीच. तरीही नवशिक्यांची प्रत निराळी काढावी, त्यांना चौथ्या वर्षाच्या मल्लांशी झुंजवू नये, हा विचार मला शहाणपणाचा वाटतो.

हे निवेदन ज्या वास्तूंच्या आधाराने लिहिले जाते, त्यांचा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. चार्ल्स फ्रँकलिन डो या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या द्रव्यातून मुख्य ग्रंथालयाची इमारत १९११ साली उघडली. तिच्या प्रवेशद्वारावर विद्येची ग्रीक देवता अथीना हिचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे. पण खरा ग्रंथसंभार तिच्याजवळच जमिनीच्या पोटात साठविलेला असून, चाकांवर सरकणाऱ्या मांडण्या वेगळ्या करून वाचकाने आपला ग्रंथ स्वतः हुडकावयाचा असतो. लगतच बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालय आहे. दुर्मिळ ग्रंथ व हस्तलिखिते यांच्या या भांडारात पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, शाई वर्ज्य असून केवळ शिसपेन्सिल चालते, आणि कागदांच्या काही पेट्या रिचमंड गावच्या कोठारातून आणवावयाच्या असल्यामुळे मागणी आगाऊ नोंदवावी लागते. ज्या विद्यार्थ्याने प्रबंधाची मुदत संपण्याच्या आदल्या आठवड्यात प्रथमच ही मागणी नोंदविली, त्याच्या निवेदनात कोणता मजकूर येणार, हे कोणीही ओळखावे.

या बॅन्क्रॉफ्ट नावाच्या मागे जी हकीकत आहे, ती या पारितोषिकाच्या संदर्भात मोठी मार्मिक ठरते. ह्यूबर्ट हौ बॅन्क्रॉफ्ट हा सॅन फ्रान्सिस्कोचा पुस्तकविक्रेता. पश्चिम अमेरिकेच्या इतिहासाचे कागद त्याने इतक्या हावरटपणे जमविले की पुढे त्याला त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत उठवावी लागली. विद्यापीठाने हा संग्रह १९०५ साली विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी झालेल्या भूकंपातून व आगीतून तो दैवयोगाने वाचला. परंतु या संग्रहाच्या आधारे बॅन्क्रॉफ्टच्या नावावर निघालेले एकोणचाळीस खंड त्याने एकट्याने लिहिलेले नव्हते. पगारी मदतनिसांचा ताफा टिपणे काढी, सूच्या करी, वृद्ध वसाहतवाल्यांच्या जबान्या उतरवून घेई आणि बराचसा मजकूरही लिही. मुखपृष्ठावर मात्र नाव एकाचेच. मालेतील १८९० च्या खंडात त्याने आपली कार्यपद्धती सविस्तर वर्णिली, तेव्हा त्याचा ग्रंथपाल व मुख्य साहाय्यक हेन्री ओक याने त्या वर्णनास उत्तर देणारी पुस्तिका काढून लेखनातील आपला वाटा जाहीरपणे मागितला. कोणी काय केले, कोणाच्या मदतीने केले, हे निवेदन करावयास सांगणारे पारितोषिक त्याच संग्रहाच्या छायेत स्थापन व्हावे, हा योगायोगच म्हणावयाचा. पण मला तरी त्यात थोडा काव्यात्म न्याय दिसतो.

निवेदन चांगले असते म्हणजे कसे असते, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट करता येईल. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गदर पक्षाचा विषय घेतला. हा विषय त्या भूमीचाच आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या या पक्षाचे ठाणे खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत होते, त्याचे वृत्तपत्र तेथेच निघे, आणि वर्ध्याकडील पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्यासारखे महाराष्ट्रीय तरुण त्याच्या आरंभीच्या उद्योगांत पुढे होते. पक्षात शिखांचा भरणा मोठा, म्हणून तालिकेत ती प्रथम ‘शीख’ या नावाखाली शोध घेते आणि बहुतांश अलीकडचीच पुस्तके तिच्या हाती लागतात. कारण त्या काळच्या अमेरिकन लेखी शीख, मुसलमान आणि हिंदू हे सारेच सरसकट ‘हिंदू’ होते व ग्रंथालयीन वर्गीकरणात त्यांना पुढे ‘ईस्ट इंडियन’ म्हटले गेले. ग्रंथपालाने हे दाखवून दिल्यावर नवा मार्ग खुला होतो, आणि बॅन्क्रॉफ्टमधील दक्षिण आशियाई स्थलांतरितांच्या संग्रहातील पत्रके, वृत्तपत्रांची कात्रणे, छायाचित्रे तिच्या मेजावर येतात. त्यानंतर कळते की गदर पक्षाच्या लोकांवर चाललेल्या १९१७-१८ सालच्या हिंदू-जर्मन कटाच्या खटल्याचे सरकारी कागद विद्यापीठात नाहीतच, ते सॅन ब्रूनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. निवेदनाचा खरा मजकूर येथेच आहे: ‘शीख’ हा शब्द सोडून ‘हिंदू’ धरला तो दिवस, आणि जे हवे ते आपल्या ग्रंथालयात नाही हे तेथील ग्रंथपालाकडूनच समजले तो दिवस. मोठमोठ्या सिद्धान्तांची नावे घेऊन सजविलेले निवेदन याच्यापुढे फिके पडते.

आपल्याकडील वाचकास येथे राजवाड्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या प्रस्तावनांतून त्या गृहस्थाने इतिहास जितका लिहिला, तितकीच दप्तरे कोठे कशी सापडली आणि कोणाच्या घरी ती कोणत्या दशेत पडली होती याची कैफियतही लिहिली. त्यांचे काही सिद्धान्त पुढे टिकले नाहीत; ती कैफियत मात्र आजही संशोधकास उपयोगी पडते. बर्कलीच्या परीक्षकांनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले असते, असे मी बेधडक म्हणेन. अध्यापकाचे समर्थनपत्र मात्र त्यांच्या स्वभावामुळे कोणाकडून मिळाले असते, याविषयी मला शंका आहे.

मराठी ग्रंथ तेथे कसे पोहोचले, हीदेखील सांगण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेच्या १९५४ सालच्या सार्वजनिक कायदा क्रमांक ४८० अन्वये हिंदुस्थानास गहू आला, आणि रेशनच्या दुकानांपुढे रांगा लावणाऱ्या पिढीला त्या लाल गव्हाची चव अद्याप विसरता आलेली नाही. त्याची किंमत रुपयांत चुकती झाली, व ते रुपये अमेरिकेस आपल्या देशी नेता येत नसल्यामुळे त्यांतील काही भाग पुस्तकांवर खर्च करण्याची योजना निघाली. १९६२ पासून दिल्लीतील कचेरीमार्फत भारतीय भाषांतील ग्रंथ, त्यांत मराठीही, विकत घेतले गेले आणि बर्कलीसह निवडक अमेरिकन विद्यापीठांस धाडले गेले. एखाद्या विद्यार्थ्याने तेथील मराठी मांडणीवरून एखादी विस्मृत कादंबरी काढली आणि हे पुस्तक येथे गव्हाच्या मोबदल्यात आले आहे एवढे जरी शोधून काढले, तरी त्याच्या निवेदनास वेगळीच खोली येईल.

या व्यवस्थेवर एक आक्षेप मात्र घेतला पाहिजे. विजयी प्रबंध विद्यापीठाच्या खुल्या डिजिटल भांडारात ठेवले जातात व कोणते काम जिंकते हे पुढच्या अर्जदारांस पाहता येते, यात गैर काहीच नाही. पण विद्यार्थी चतुर असतात, आणि परीक्षकांस शोधातील अडचणी व वळणे आवडतात हे एकदा ध्यानात आले की न आलेल्या अडचणीही निवेदनात उगवू लागण्याचा धोका असतो. प्रथम गोंधळ, मग ग्रंथपालाची भेट, मग प्रकाश, असा एक ठरीव साचा बनणे अवघड नाही. यावर नियमावलीत कलम घालून इलाज होणार नाही. माझ्या मते त्यासाठी संदर्भसूची आणि निवेदन शेजारी शेजारी मांडून सावकाराने खतावणी तपासावी तशी ती ताडून पाहणे, एवढाच उपाय परीक्षकांपाशी आहे: ज्या पेटीने आपल्या विचारास नवी दिशा दिली असे अर्जदार म्हणतो, तिच्यातील एकही कागद प्रबंधाच्या तळटीपांत आढळत नसेल, तर तो अर्ज बाजूस ठेवून पुढचा हाती घ्यावा.