खरवडलेल्या पोथीचा खुला दप्तरखाना

१२२९ साली एका ख्रिस्ती धर्मगुरूला प्रार्थनापुस्तक लिहायचे होते आणि चर्मपत्र महाग. मग जुन्या पोथ्या उसवल्या गेल्या, पाने खरवडली, दुमडली आणि त्यांवर आडव्या ओळींत प्रार्थना उतरल्या. खरवडलेल्यांत दहाव्या शतकातली आर्किमिडीजची पोथीही गेली. हे ओळखले योहान लुडविग हायबर्ग या डॅनिश पंडिताने, १९०६ साली, कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये. दिसेल तेवढे त्यांनी वाचले आणि काही पानांचे फोटोही काढून ठेवले.

त्या फोटोंची किंमत पुढे कळली. मधल्या काळात पोथी बेपत्ता झाली, तिला बुरशी लागली, आणि कुणा महाभागाने चार पानांवर सोनेरी चित्रे रंगवून ती ‘प्राचीन’ असल्याचा बनाव केला. चित्रांखाली दडलेल्या मजकुराचा माग हायबर्ग यांच्या फोटोंवरून लागला. १९९८ मध्ये न्यू यॉर्कच्या लिलावात पोथी २० लाख डॉलरला गेली. घेणाऱ्याने नाव गुप्त ठेवले, पोथी मात्र बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयाच्या हवाली केली. अतिनील ते अवरक्त अशा वेगवेगळ्या प्रकाशांत पानांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या. सोन्याआडच्या शाईतले लोह टिपायला स्टॅनफर्डचे क्ष-किरण वापरले.

ही कथा सहसा इथेच थांबवतात. मला खरा रस पुढच्या, रुक्ष वाटणाऱ्या कामात आहे. प्रत्येक प्रतिमेच्या फाइलीच्या नावातच पान कोणते आणि प्रकाश कोणता हे लिहिलेले. प्रतिमा टिफमध्ये, लिप्यंतर टीईआय या मजकूर-खुणांच्या प्रमाणित पद्धतीनुसार साध्या एक्सएमएलमध्ये, सोबत माहितीपत्रक. उद्या एखादे सॉफ्टवेअर बंद पडले तरी हे सारे उघडता यावे, असा बेत. २९ ऑक्टोबर २००८ रोजी, लिलावाला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, कच्च्या प्रतिमांसकट सगळा साठा खुला झाला. अट एकच: श्रेय द्या. कोट्यवधी रुपये मोजलेल्या मालकाने हे मान्य केले, याचे मला आजही नवल वाटते.

कच्चा माल दाखवायला धाडस लागते, कारण मग आपले वाचन कुणीही तपासू शकते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पानोपानी पाठभेद छापले, तेही याच वृत्तीने.

उलट बाजू ब्रिटिश लायब्ररीत दिसली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिच्यावर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. बेओवुल्फ या जुन्या इंग्रजी महाकाव्याचे मूळ हस्तलिखित कपाटात सुखरूप होते, डिजिटल संग्रहांच्या सुरक्षित प्रतीही होत्या, पण त्या पुन्हा चढवायला धड यंत्रणाच उरली नव्हती. हस्तलिखितांचे संकेतस्थळ महिनोन्‌महिने बंद राहिले. देखण्या खिडकीवर भिस्त ठेवली की असे होते. खिडकी फुटली तर आतला माल असून नसल्यासारखा.

आर्किमिडीजच्या फाइली मात्र कुणीही उतरवून घ्याव्यात, दुसऱ्या सर्व्हरवर ठेवाव्यात, अशाच बेताने मांडल्या आहेत. त्यांच्यासोबत चेकसम, म्हणजे प्रत्येक फाइलीवरून काढलेले पडताळणीचे आकडेही आहेत. आपल्याकडच्या प्रतीत एक बिट जरी बदलला असेल, तर आकडा जुळत नाही आणि बिघाड लगेच कळतो.